मातृभाषेचा रकाना

संक्रांत होऊन चार दिवस झाले की सुमतीकाकूंच्या सुनेचा निरोप मोबाइलवर येतो. हळदीकुंकू, वेळ चार ते सात, गाड्या मागच्या गल्लीत लावाव्यात. खाली हात जोडलेलं चित्र. दर वर्षी मी जाते, अत्तर लावून घेते, तिळगूळ खाते, मिळालेलं वाण घरी आणून कपाटात टाकते. त्या कपाटात आता इतक्या वाट्या आणि इतके डबे झालेत की दार लागत नाही.

यंदा निरोप आला त्याच दुपारी दाराशी एक कॉलेजातली मुलगी उभी होती. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. "आंटी, बस दस मिनट. खुशहाली पर सर्वे है." मी तिला आत बसवलं, कारण चौबे कॉलनीत दुपारी दहा मिनिटं बोलायला दुसरं कोणी येत नाही. ती एकेक प्रश्न वाचत गेली. आपल्या संस्कृतीशी किती जोडलेलं वाटतं, एक ते दहा. मी दहा म्हटलं. आपली भाषा बोलणारी माणसं आसपास आहेत का? आहेत. सणवार होतात? सगळे. शेजारी बरे आहेत? उत्तम. मग शेवटचा प्रश्न आला. एकूण आयुष्याबद्दल आपण किती समाधानी आहात?

"पाँच," मी म्हटलं.

मुलगी थबकली. "आंटी, ऊपर तो सब दस-दस बोला आपने."

"तो?"

तिनं टॅबवरचं पान सरकवून वरची उत्तरं पुन्हा पाहिली. तिच्या पुस्तकात असं असणार की ज्याला आपलं मूळ धरून ठेवता आलं तो सुखी, ज्याचं सुटलं तो दुःखी. मी तिला चहा पाजला आणि पाचच लिहायला लावलं. ती गेली, पण माझं डोकं तेव्हापासून तापलेलं आहे. हा लेख त्या तापाचा आहे.

मला आठवते ती नव्या राज्याची पहिली थंडी. रायपूर रातोरात राजधानी झालं होतं, पण शहराच्या अंगी ते अजून मुरायचं होतं. जिकडेतिकडे ओल्या रंगाचा वास. दर सरकारी पाटीवरचं मध्यप्रदेश खरवडून तिथे छत्तीसगढ रंगवलं जात होतं, आणि पेंटर शिडीवर चढला की खाली दहा माणसं कौतुकानं बघत उभी राहायची. भोपाळच्या नंबरच्या गाड्या रस्ता विचारत फिरायच्या. बाजारात तिवऱ्याची, म्हणजे लाखेच्या कोवळ्या पाल्याची भाजी आली होती, बोरं आली होती. गोल बाज़ारच्या भांड्यांच्या गल्लीत बायका वाणासाठी डझनावारी वाट्या वाजवून बघत होत्या. आणि रेल्वे यार्डाला लागून असलेल्या आमच्या गुढ़ियारीत नेहमीचंच चालू होतं. धान्याच्या गोदामांपुढे ट्रकांची रांग, हवेत भुशाची धूळ, शंटिंगच्या डब्यांचा एकमेकांवर आदळण्याचा आवाज. आम्ही त्या आवाजात जेवायचो, अभ्यास करायचो, भांडायचो. तो थांबला की उलट दचकायला व्हायचं.

माझे बाबा रेल्वेत पॉइंट्समन, म्हणजे रूळ बदलणारे होते, तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले. आई-बाबा दोघंही वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडचे. मी एकुलती एक, सत्तावीस वर्षांची, सरकारी प्राथमिक शाळेत शिक्षिका. त्या फेब्रुवारीत जनगणना होती आणि शिक्षक म्हणजे हुकमाचे ताबेदार. मला आमच्याच भागातल्या गल्ल्या मिळाल्या. प्रशिक्षणात साहेबांनी एक गोष्ट तीन-तीनदा बजावली होती. मातृभाषेच्या रकान्यात माणूस सांगेल ते लिहायचं. आपलं डोकं चालवायचं नाही.

पण त्याआधी वीस वर्षं मागं जायला हवं.

मी सातेक वर्षांची असेन. स्टेशनातल्या मालबाबूंची बायको मराठी होती, चौबे कॉलनीत राहायची. तिनं आईला हळदीकुंकवाला नेलं. तिकडे सुमतीकाकूंच्या बंगल्यात बायकांचा एक भगिनीवर्ग भरायचा. जुन्या घराण्यांतल्या बायका, भोसल्यांच्या काळापासून इथे आलेल्या, वकिलांच्या, डॉक्टरांच्या. आईनं लग्नातला शालू काढला. डांबरगोळ्यांचा वास जावा म्हणून दोन दिवस दोरीवर टाकला, तरी गेला नाही. तिथे पोचल्यावर दिसलं की बाकी सगळ्या साध्या काळ्या सुती साड्यांत होत्या. आई तरी खूश होती. मला आठवतं, ती माझा हात धरून सारखी इकडेतिकडे बघत होती, कारण इतक्या मराठी बायका एका खोलीत तिनं आर्वी सोडल्यापासून पाहिल्या नव्हत्या.

नाव घ्यायची वेळ आली. एकेकीनं घेतलं. चांदीचं ताट, चंदनाचा पाट, सगळ्या उखाण्यांत असतं ते. आईचा नंबर आला तेव्हा ती उभी राहिली. बसून घ्यायचं असतं, पण ती उभी राहिली, आणि मोठ्यानं म्हणाली:

"मालगाडीले डबे लय, इंजिन एकच राह्यते,
मधुकररावचं नाव घ्याले मी संक्रांतीची वाट पाह्यते."

तो तिनं स्वतः जोडला होता. दोन दिवस भाकरी थापताना पुटपुटत होती, मी ऐकलं होतं. आधी एक खुदकन हसली, मग सगळ्या. आईसुद्धा हसली, तिला वाटलं आवडला. तेव्हा कोपऱ्यातून एक आवाज आला, अगदी गोड आवाज:

"छान हो. आता मराठीत घ्या ना."

कोण बोललं ते मला आजही ठाऊक नाही. सुमतीकाकू नव्हत्या, एवढं मी स्वतःला सांगत आले आहे. आई खाली बसली. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तिनं तिळगूळ घेतला, वाण घेतलं, सगळ्यांना वाकून नमस्कार केला, आणि माझा हात धरून रिक्षात जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला हलवून जागं केलं. "उठो. मुँह धो लो."

मला वाटलं ती गंमत करतेय. मी वऱ्हाडीत काहीतरी उत्तर दिलं. तिनं ऐकलं न ऐकलं केलं आणि पुन्हा हिंदीत सांगितलं, दात घासो. बाबा अंगणात दाढी करत होते. ते म्हणाले, "काहून वं, पोट्टीसंग हिंदीत काहून बोलून राहिली?"

"तिले कोनी हासाले नको," आई म्हणाली.

बस्स, तेवढंच. त्या दिवसापासून बाबांशी ती वऱ्हाडी बोलायची आणि माझ्याशी हिंदी. मी त्यांच्यामध्ये वाढले. कानांनी एक भाषा घ्यायची आणि तोंडानं दुसरी द्यायची. आणि गंमत बघा, आईचं हिंदी कसलं? बाजारात आणि नळावर उचललेलं. मेरे को, तेरे को, पुल्लिंगाचं स्त्रीलिंग. तेच माझ्या तोंडी बसलं. शाळेत हिंदीच्या बाईंनी मला उभं करून वाचायला लावलं की वर्ग हसायचा. ज्या हसण्यापासून तिनं मला वाचवलं होतं ते मी हिंदीत भरपूर खाल्लं. घरी येऊन सांगितलं नाही कधी. सांगून तिला काय मिळालं असतं?

आता त्या सर्वेवाल्या मुलीला मी विचारायला हवं होतं की माझ्या आईला ती कुठल्या खान्यात टाकेल. मूळ सुटलेली बाई. स्वतःच्या लेकीशी स्वतःच्या भाषेत बोलत नाही, गावाकडे जात नाही, मराठी बायकांत उठबस नाही. कागदावर दुःखीच असायला हवी. पण मी जी आई पाहिली ती शेजारच्या बिसाहिन मौसीच्या परछीत, म्हणजे पुढच्या पडवीत, पाय पसरून बसलेली आई होती. बिसाहिन मौसीचा नवरा गोदामात हमाल होता. आज काय भाजी रांधलीस म्हणून ती सकाळी सकाळी कुंपणावरून विचारायची, "का साग राँधे हस बहिनी?" आणि आई इकडून, "तिवरा भाजी ओ!" दोघी मिळून मुर्ऱ्याचे, म्हणजे मुरमुऱ्यांचे लाडू करायच्या, पौषी पुनवेला छेरछेऱ्याच्या सणात धान मागत येणाऱ्या वस्तीतल्या पोरांना सुपानं धान वाटायच्या. आई छत्तीसगढी बोलायची ती मोडकीतोडकी, वऱ्हाडी मिसळलेली. बिसाहिन मौसी मला म्हणायची, "तोर दाई के बोली अब्बड़ गुरतुर हे." तुझ्या आईची बोली फार गोड आहे. खोटं नाही, तिथे आई मोठ्यानं हसायची. घरी नव्हती हसत तशी.

मला मात्र त्या परछीची लाज वाटायची. हे लिहिताना हात अडतो, पण वाटायची. मी बी.एड. झाले होते, वाचनालयातून दिवाळी अंक आणून एकटीच मोठ्यानं वाचायचे, जिभेला वळण लागावं म्हणून. च आणि ळ घासून घेतले. माझ्या मनात चौबे कॉलनीतली ती खोली होती, आणि मला तिथे बसायचं होतं. ज्या दारात आई हसं होऊन बाहेर पडली, त्याच दारातून आत जायचं. सूड म्हणून नव्हे. सूड घ्यायला स्वाभिमान लागतो. मला फक्त आत जायचं होतं.

आणि त्या थंडीत ते दार स्वतः चालत आमच्याकडे आलं. नवं राज्य झालेलं, जो तो समाज आपल्या भवनासाठी जागा मागत होता, आणि जागा मागायची तर आपली संख्या दाखवावी लागते. भगिनीवर्गाला कुणीतरी सुचवलं की जनगणना येतेय, आपल्या लोकांनी मातृभाषा मराठी लिहायला हवी, नाहीतर इथली अर्धी मराठी माणसं हिंदी लिहून मोकळी होतील. मग त्यांना गुढ़ियारी आठवली. रथसप्तमीच्या आधी एक दिवस सुमतीकाकू आणि आणखी दोघी ऑटोतून उतरल्या. पदर सावरत, गटार ओलांडत आमच्या दाराशी. हातात तिळगुळाचा डबा आणि हळदीकुंकवाचं आमंत्रण.

"मधुकररावांचं घर ना हे? बरं झालं बाई सापडलं."

आईनं त्यांना बसवलं. पलंगावर चादर बदलली. मग म्हणाली, "आप लोग बैठो, मैं चाय लाती."

सुमतीकाकू हसून म्हणाल्या, "अहो, आमच्याशी कशाला हिंदी? आपण सगळ्या आपल्याच."

"आप चीनी कितना लेते?" आईनं विचारलं.

अर्धा तास त्या मराठीत बोलल्या आणि अर्धा तास आई हिंदीत बोलली. एकदाही मराठीवर घसरली नाही. मी मध्ये बसून मेल्याहून मेल्यासारखी होत होते. हळदीकुंकवाला येणार ना, असं काकूंनी निघताना विचारलं, तर आई म्हणाली, "उस दिन बाजू वाली के घर काम है." मग काकू माझ्याकडे वळल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुझ्यासारख्या शिकलेल्या मुलींनी लक्ष घालायला हवं ग. आपली माणसं मोजली गेली पाहिजेत. आणि किती स्वच्छ मराठी बोलतेस! ये ना घरी. माझा पुतण्या असतो, बँकेत आहे."

मी हुरळून गेले. स्वच्छ या शब्दानं मी आठवडाभर जमिनीवर नव्हते.

आमच्या घराची पाळी आली ती एका दुपारी. फॉर्मवर खाडाखोड चालत नाही, म्हणून मी प्रत्येक घराचं आधी वहीत उतरवून घ्यायचे आणि नंतर शाळेच्या व्हरांड्यात बसून फॉर्मवर चढवायचे. बाबांना विचारलं. ते म्हणाले, "मराठी लिही. आपन वऱ्हाडी मानसं." आई दाराशी बसून तिवरा निवडत होती.

"माँ, आपकी मातृभाषा?"

"छत्तीसगढ़ी लिख."

मला वाटलं ती थट्टा करतेय. "माँ, ठीक से बोलो."

तिनं हातातली जुडी खाली ठेवली. "जिस बोली में मेरे पे कोई नहीं हँसा, वो मेरी बोली. पूछने आई है ना? तो लिख."

बाबा म्हणाले, "तिचं तिले सांगू दे."

मी वहीत लिहिलं, छत्तीसगढ़ी. तिच्याकडे पाहिलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात, उन्हाला पाठ देऊन, फॉर्मवर चढवताना लिहिलं: मराठी. बाबांच्या पुढे मराठी, आईच्या पुढे मराठी, माझ्या पुढे मराठी. तीन ओळी एकसारख्या, सुबक अक्षरात. त्या दिवसांत मी शेकडो बायकांना विचारलं, शेकडो उत्तरं लिहिली, एकाही अनोळखी बाईचं उत्तर बदललं नाही. बदललं ते फक्त माझ्या आईचं. मनात म्हटलं, एका ओळीनं काय होतं. आणि आई मराठी आहेच की, मी खोटं कुठे लिहिलं? हे मी स्वतःला इतक्यांदा विचारलंय की आता प्रश्नाचा चोथा झालाय. नियम सांगत होता, माणूस सांगेल ते. ती त्या घरात पहिल्यांदा काहीतरी स्वतःबद्दल ठामपणे बोलली होती, आणि तिचं ते बोलणं लेकीनं मोडलं. चौबे कॉलनीतल्या एका खोलीत बसायला मिळावं म्हणून.

बसायला मिळालं. पुढच्याच वर्षी काकूंच्या पुतण्याशी माझं लग्न झालं. नवरा वाईट नाही. काकूही वाईट नव्हत्या. त्यांनी मला पुरणपोळी शिकवली, बाळंतपणात उशाशी बसून राहिल्या. बोलताना माझं 'राहिले' कुठे 'राह्यले' झालं की तिथल्या तिथे हळूच दुरुस्त करायच्या, प्रेमानंच. वाईट माणसं असती तर किती सोपं झालं असतं. भवनाची जागा काही मिळाली नाही. भगिनीवर्ग पाच-सात वर्षांत विरला, मुलं पुण्याला आणि बंगळूरला गेली, बायका त्यांच्यामागे गेल्या. माझा मुलगा हैदराबादला आहे. फोनवर मी मराठीत विचारते, तो हिंदीत उत्तर देतो. त्याला राग येऊ नये म्हणून मग मीही हिंदीवर येते. ही जी मराठी मी इथे लिहिते आहे, तिच्यात आईचा एक शब्द नाही. ती मला काकूंनी दिलेली आहे, आणि अजूनही लिहिताना वाटतं की कोणीतरी कोपऱ्यातून बघतंय.

आई माझ्या घरी फार कमी यायची. आली की खुर्चीच्या टोकावर बसायची, सासूबाईंशी हिंदीत दोन वाक्यं बोलायची आणि काळोख पडायच्या आत निघायची. सासूबाई म्हणायच्या, "तुझी आई किती शांत आहे ग." मी हो म्हणायचे. गुढ़ियारीत जिचा आवाज दोन घरं पलीकडे जायचा त्या बाईला माझ्या दिवाणखान्यात शांत म्हणत होते, आणि मी हो म्हणत होते.

बाबा गेल्यावरही ती गुढ़ियारीतच राहिली. दहा वर्षांनी पुन्हा जनगणना आली. त्या माघात मी एका दुपारी तिला भेटायला गेले. ती परछीत तांदूळ निवडत होती, बिसाहिन मौसी आत झोपली होती. आई म्हणाली की एक नवा मास्तर येऊन गेला, मुलगाच होता, फार नीट विचारलं त्यानं. "मैंने छत्तीसगढ़ी बोला, उसने छत्तीसगढ़ी लिखा. मेरे को दिखाया भी."

त्या परक्या मास्तरानं तिला दाखवलं होतं. मग मी सांगून टाकलं, तिथेच, सुपाकडे बघत. पिछली बार मैंने मराठी लिखा था, माँ. आपने जो बोला था वो नहीं लिखा.

ती खडे वेचत राहिली. मला वाटलं ऐकलं नाही. मग ती बोलली, आणि मी सात वर्षांची असल्यापासून पहिल्यांदा माझ्याशी तिच्या भाषेत बोलली.

"मले त्याच दिवशी समजलं होतं वं. वहीत लिवलं अन् माह्याकडे पाह्यलं नाही तू."

मी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"एकदा त्याइनं म्हटलं, हे मराठी नोहे. एकदा तू म्हटलं, हे मराठीच हाय. मले बोलू द्याले कोनीच तयार नाही." तिनं सूप पाखडलं, भुसा उडाला. "मी राग नाही धरला. तुले त्याइच्यातली व्हायचं होतं. मलेबी वाटे का पोट्टी वर चढावी."

मग तिनं सूप मांडीवरून खाली ठेवलं आणि माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. चिडून नाही, खरंच उत्तर हवं असल्यासारखं.

"मंग? झाली काय त्याइच्यातली?"

ती थांबली होती. मला वऱ्हाडी कळत होती, सगळी, लहानपणापासून, पण आता बोलता येत नव्हती. आणि काकूंची स्वच्छ मराठी त्या परछीत तोंडातून निघेना. मी उठले, पदर खोचला आणि तिला विचारलं, "माँ, चाय बनाऊँ?"